कासेचा दाह आणि औषधांचा ओसरता प्रभाव

ज्या जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव 2024 साली सरकारी दप्तरातून जाऊन त्या जागी अहिल्यानगर असे नाव दाखल झाले, त्या जिल्ह्याची आर्थिक घडण गेल्या शंभर वर्षांत दोनदा मुळापासून पालटली. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे होऊन प्रवरेचे पाणी उत्तरेकडील तालुक्यांत खेळू लागले, त्यामागून ऊस आला आणि 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीचा सहकारी साखर कारखाना आकारास आला, हे पहिले स्थित्यंतर. आणि 1972 च्या दुष्काळाने केवळ पावसावर विसंबून राहण्यातला धोका घरोघर पटवून दिल्यानंतर संकरित गाय शेतकऱ्याच्या दारात आली, हे दुसरे. पहिल्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. दुसऱ्याचा जो कोणी लिहील, त्याला गाईच्या कासेस होणाऱ्या दाहाचे आणि त्या दाहावर दिवसेंदिवस निरुपयोगी ठरत चाललेल्या औषधांचे एक स्वतंत्र प्रकरण त्यात घालावे लागेल.

1967 साली उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी बाएफ ही संस्था स्थापन करून संकरित गोपैदाशीचा जो प्रसार आरंभिला, त्याला नगर जिल्ह्यात जेवढा प्रतिसाद मिळाला तेवढा थोड्याच जिल्ह्यांत मिळाला असेल. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे निम्मे रक्त होल्स्टीन फ्रिजियनचे, चौथाई जर्सीचे आणि चौथाई गीरचे अशी 'फुले त्रिवेणी' गाय सिद्ध केली. संगमनेर, कोपरगाव, राहाता, राहुरी, श्रीरामपूर या तालुक्यांत दूध संघांचे व खाजगी डेअऱ्यांचे जाळे पसरले. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगराळ मुलखात, डांगी गाय आहे. ती दूध थोडे देते, परंतु धो धो पावसात चरते आणि तिची कास क्वचितच सुजते. संकरित गाय दिवसाकाठी पंधरा-वीस लिटर दूध देते, आणि दूध वेगाने सुटावे म्हणून तिच्या सडाची वाट जितकी सैल झाली तितकीच ती बाहेरच्या जंतूंनाही मोकळी झाली. अधिक दुधाची निवड करताना आपण अजाणता या दाहाचीही निवड केली, ही गोष्ट प्रथमच मान्य केलेली बरी, कारण त्यावाचून या प्रश्नाचा विचार औषधाच्या बाटलीपाशी सुरू होऊन तिथेच संपतो.

शेतकरी ज्याला दगडी म्हणतो तो रोग डोळ्यांना दिसणारा आहे : कास तापते, दगडासारखी घट्ट होते, गाय हात लावू देत नाही, दुधात गाठी किंवा पाण्यासारखा पिवळट स्राव येतो, आणि उपचार उशिरा झाला तर तो सड कायमचा बंद पडतो. परंतु या दृश्य रोगामागे त्याहून विस्तृत असा सुप्त कासदाह असतो, ज्यात कास मऊ असते, दूध पांढरेशुभ्र दिसते, फक्त ते लिटर-दोन लिटरने घटते आणि त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. निरोगी कासेच्या एक मिलिलिटर दुधात या पेशी दोन लाखांच्या आत असाव्यात असा सर्वमान्य दंडक आहे. देशभरच्या अनेक पाहण्या एकत्र करून 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात भारतातील दुभत्या जनावरांत सुप्त कासदाहाचे प्रमाण शंभरात 45 आणि दृश्य कासदाहाचे 18 इतके आढळले. म्हणजे दर दोन गाईंमागे जवळजवळ एक गाय आपल्या कासेत जंतू वागवीत आहे, आणि तिच्या मालकाला, संकलन केंद्रावरील सेवकाला व दूध पिणाऱ्याला त्याची वार्ताही नाही.

हे जंतू एका जातीचे नाहीत, आणि उपचारातील बहुतेक चुकांचा उगम याच गोष्टीकडे दुर्लक्ष करण्यात आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा कासेत ठाण मांडून बसणारा जंतू. तो गाईच्या पेशींच्या आत शिरतो, स्वतःभोवती चिकट पापुद्रा तयार करतो, आणि धार काढणाऱ्याच्या हातांवरून, फडक्यावरून व यंत्राच्या रबरी नळ्यांवरून एका गाईकडून दुसरीकडे जातो. स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्टिए हाही असाच संसर्गाने पसरतो, परंतु तो पेनिसिलिनला आजही बव्हंशी वश आहे. याउलट ई. कोलाय आणि क्लेबसिएला हे शेणातून, ओल्या जमिनीतून, कुजक्या बिछान्यातून येतात; त्यांचा हल्ला कधी इतका तीव्र असतो की गाय एका रात्रीत आडवी होते, आणि कधी इतका सौम्य की गाईचे शरीर आपण होऊनच त्यांना हुसकावते. दृश्य रोगाच्या दुधाचे नमुने प्रयोगशाळेत वाढवून पाहिले तर त्यांतील चौथा ते तिसरा हिस्सा नमुन्यांत जंतूच उगवत नाहीत, कारण दाह उरलेला असतो आणि जंतू आधीच मेलेले असतात. अशा गाईला दिलेले प्रतिजैविक तिच्या काही उपयोगी पडत नाही. तिच्या आतड्यातील व त्वचेवरील निरुपद्रवी जंतूंची मात्र त्यातून रोधशक्तीच्या, म्हणजे औषधाला दाद न देण्याच्या, दिशेने निवड होत जाते.

प्रतिजैविके आणि गाईची कास यांचा संबंध प्रतिजैविकांइतकाच जुना आहे. 1939 साली रेने द्यूबो यांनी मातीतील जंतूंपासून ग्रॅमिसिडीन वेगळे केले, तेव्हा त्याचा एक प्रारंभीचा उपयोग गाईंच्या कासदाहावरच करून पाहण्यात आला. 1940 साली, म्हणजे पेनिसिलिन रुग्णांच्या हाती पडण्यापूर्वीच, एब्राहॅम आणि चेन यांनी पेनिसिलिनचा नाश करणारे द्रव्य जंतूंत असल्याचे दाखविले; आणि 1945 च्या आपल्या नोबेल व्याख्यानात फ्लेमिंग यांनी अपुऱ्या मात्रेने जंतूंना रोधाचे शिक्षण दिले जाईल असा स्पष्ट इशारा देऊन ठेवला. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीस 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढल्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. परक्या देशाच्या तोंडाकडे न पाहता हे औषध इथल्या दवाखान्यांत पोचू लागले, हा त्या पिढीचा मोठाच पराक्रम होता. आणि त्या पिढीने कमावलेली ही ठेव आपल्या हयातीत खर्चून टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न मला राहून राहून छळतो.

रोध उत्पन्न होतो तो कसा, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. औषध जंतूंना रोध शिकवीत नाही; कोट्यवधी जंतूंत जे दोन-चार जन्मतःच तगणारे असतात त्यांचे प्रतिस्पर्धी ते मारून टाकते, आणि मग त्यांच्याच संततीने कास भरते. त्यातही हा गुण पुष्कळदा प्लास्मिड नावाच्या सुट्या वर्तुळाकार तुकड्यांवर असतो, आणि हे तुकडे एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो. म्हणूनच कासेतील ई. कोलायने मिळविलेली रोधशक्ती शेणखतातून शेतात, शेतातून पाण्यात आणि तेथून माणसाच्या आतड्यात पोचण्यास कोणताही अडसर नाही. 2011 साली इंग्लंडमध्ये गाईंच्या कासदाहाचा अभ्यास करणाऱ्या लॉरा गार्सिया-आल्वारेझ, मार्क होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दुधाच्या नमुन्यांत मेथिसिलिनरोधी स्टॅफिलोकोकसचा एक नवाच जनुक सापडला. तोच पुढे इंग्लंड व डेन्मार्कमधील रुग्णांच्या नमुन्यांतही मिळाला. गोठा आणि रुग्णालय यांच्यामध्ये आपण कल्पिलेली भिंत तेव्हाच कोसळली.

भारतातील संशोधनाचा एकूण कल कोणता? निरनिराळ्या राज्यांतील पशुवैद्यक महाविद्यालयांतून कासदाहाच्या नमुन्यांवर जी काही कामे प्रसिद्ध झाली आहेत, त्यांत पेनिसिलिन व अँपिसिलिन यांना स्टॅफिलोकोकसचा रोध फार मोठा दिसतो; टेट्रासायक्लिनची तऱ्हा त्याहून फारशी निराळी नाही; एन्रोफ्लॉक्सॅसिन आणि सेफ्ट्रियाक्सोन यांचा प्रभाव घसरणीला लागलेला आहे; जेंटामायसिन त्या मानाने बरे टिकून आहे; आणि सेफॅलोस्पोरिन गटाचा एकाच वेळी नाश करणारी द्रव्ये निर्माण करणारे ई. कोलाय व क्लेबसिएला कासदाहाच्या दुधातून वारंवार मिळू लागले आहेत. मात्र या आकड्यांवर आहे तसा भरवसा टाकणे रास्त होणार नाही. प्रयोगशाळेपर्यंत जे दूध येते ते बहुधा अशा गाईचे असते की जिच्यावर दोन-तीन औषधे आधीच वाया गेलेली असतात. साध्या पेनिसिलिनने बरी झालेली गाय नमुन्यात येतच नाही. शिवाय प्रयोगशाळेत औषधाच्या चकतीभोवती जंतू किती अंतरापर्यंत मेले यावरून निकाल देण्याचे जे दंडक आहेत, त्यांतील बरेचसे माणसाच्या रक्तात औषध किती उतरते यावरून ठरविलेले आहेत, आणि कासेत औषध उतरण्याचा हिशेब निराळा असतो. रोध वाढतो आहे हे निर्विवाद. पण प्रकाशित टक्केवारी सबंध जिल्ह्याच्या गोठ्यांना लावून पेनिसिलिन आता संपलेच असा निष्कर्ष काढणे आणि मग थेट सर्वांत जहाल औषधाकडे धाव घेणे, हा त्या आकड्यांचा दुरुपयोग आहे.

आता ज्या गोठ्यात हे सारे घडते त्याकडे जवळून पाहू. पहाटे पाचच्या धारेला एका बादलीत पाणी आणि एक फडके घेऊन दहा गाईंची कास पुसली जाते. पहिल्या गाईच्या सडावर जे असेल ते दहाव्या गाईपर्यंत पोचविण्याची याहून हमखास सोय दुसरी नाही. हाताने काढणारा पुष्कळदा अंगठा मुडपून धार काढतो, आणि त्याच्या सांध्याच्या दाबाने सडाच्या आतील नाजूक अस्तर रोज दोन वेळा दुखावते. यंत्र असेल तर त्याचे रबरी लायनर तडकेपर्यंत बदलले जात नाहीत. धार संपल्यावर सडाचे तोंड पुरते मिटायला अर्धा-पाऊण तास लागतो, त्या वेळात गाय उभी राहावी म्हणून चारा धारेनंतर टाकावयाचा असतो. पण तो आधीच टाकलेला असल्यामुळे गाय लगेच ओल्या शेणात बसते. उसाच्या हंगामात वाढ्यांवर भर असतो, आणि वाढ्यांतील ऑक्झॅलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. कॅल्शियम उणे पडलेल्या, नुकत्याच व्यालेल्या गाईच्या सडाचे स्नायू ढिले राहतात.

मग दुखणे येते. सकाळी गाठी दिसतात, आणि मालक ज्याला फोन करतो तो कधी पशुवैद्य असतो, कधी पदविकाधारक, कधी नुसता अनुभवावर चालणारा. नमुना घेण्याचा विचार कुणाच्याच मनात येत नाही, कारण घेतलेला नमुना बर्फात ठेवून पाठवावयाचा कोठे? पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आहे. नगरहून ती सव्वाशे किलोमीटरच्या घरात, आणि जंतू वाढवून औषधांची पारख करण्यास किमान दोन दिवस. तेवढ्यात सड गेला तर गाईची किंमत हजारोंनी उतरते. म्हणून 'हाय पॉवर'चे इंजेक्शन मागितले जाते व दिले जाते. बहुधा सेफ्ट्रियाक्सोन, म्हणजे तेच औषध जे गावातल्या मुलाला विषमज्वर झाला तर तालुक्याचा डॉक्टर देतो. गाईचे वजन डोळ्यांनी अंदाजलेले असते, दुसऱ्या दिवशी उतार दिसला नाही तर औषध बदलते, तिसऱ्या दिवशी दूध पांढरे झाले की उपचार थांबतो. सडात सोडावयाच्या ट्यूबचे तोंड स्पिरिटने न पुसताच आत घातले जाते, आणि अशा रीतीने औषधाबरोबर नवे जंतूही पोचविले जातात. या साखळीतील कोणीही दुष्ट नाही. प्रत्येक जण आपल्यापुढच्या गाईसाठी त्या क्षणी जे शहाणपणाचे वाटते तेच करतो, आणि त्या लक्षावधी शहाणपणांची बेरीज रोधात होते.

दूध टाकून देण्याचा प्रश्न तर त्याहून कठीण. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत 2012 साली झालेल्या दुरुस्तीनुसार जनावरांच्या औषधावर परिहारकाल, म्हणजे औषध दिल्यानंतर दूध वापरू नये तो अवधी, छापणे सक्तीचे आहे, आणि तो निश्चित केलेला नसेल तर दुधासाठी किमान सात दिवस पाळले पाहिजेत. वीस लिटरची गाय आणि तीस रुपयांचा भाव धरला तर सात दिवसांचे चार हजार दोनशे रुपये गटारात ओतावे लागतात. ज्या जिल्ह्यात 1 जून 2017 रोजी पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी भावासाठी संप पुकारला, ज्या जिल्ह्यातील कोतूळला जुलै 2024 मध्ये दूधदरासाठी लोक रस्त्यावर उतरले, आणि ज्याच्या उत्पादकांना लिटरमागे पाच रुपयांच्या सरकारी अनुदानावर दिवस काढावे लागले, त्या जिल्ह्यात नुसत्या नियमाच्या बळावर हे दूध संकलनाबाहेर राहील असे मानणे दप्तरात बसून केलेले समाधान होय. उरलेले दूध वासरांना पाजले जाते तेव्हा रोधाचा वारसा पुढच्या पिढीत अधिकच लवकर उतरतो.

अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात देशभर 6,432 नमुने तपासले, त्यांपैकी 77 नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेबाहेर होता. शेकडा एकच्या आसपासचे हे प्रमाण पाहून हायसे वाटण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे की टँकरमध्ये शेकडो गाईंचे दूध एकत्र होऊन एका गाईच्या दुधातील औषध विरळ होते. दूध उकळल्याने जंतू मरतात. औषधाचा अंश बराचसा तसाच राहतो. आणि दुधातील अंश हा या प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग गोठ्यात काम करणाऱ्या माणसांचा, बहुतांशी स्त्रियांचा, ज्यांचे हात दिवसातून दोनदा त्या कासेला लागतात, आणि शेणखताचा. 2019 या एका वर्षात जगभर प्रतिजैविकरोधी जंतूंमुळे प्रत्यक्ष ओढवलेल्या मृत्यूंची संख्या 12 लाख 70 हजार इतकी अंदाजण्यात आली आहे. त्यांतील किती गोठ्यांतून आले हे मोजता येत नाही. परंतु जी औषधे माणसासाठी अखेरची म्हणून राखून ठेवावयाची, ती कासेत रिती करण्याचे समर्थन कोणत्याही गणिताने होत नाही.

कायद्याने काही साधते का? साधते, पण तो नेमका असेल आणि त्याला पर्याय दिलेला असेल तेव्हाच. 2006 साली गिधाडांचा संहार करणाऱ्या डायक्लोफेनॅकवर जनावरांपुरती बंदी आली, मेलॉक्सिकॅम उपलब्ध होते, आणि पशुवैद्यांच्या पिशव्या क्रमाने बदलल्या. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांची पळवाट मात्र 2015 मध्ये बुजवावी लागली. कोलिस्टिनवर 2019 साली खाद्यप्राण्यांसाठी आलेली बंदी हे योग्य दिशेचे पाऊल होते. तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनसाठी 2013 साली केलेला एच-1 परिशिष्टाचा नियम औषधविक्रेत्याला स्वतंत्र नोंदवही ठेवावयास सांगतो; त्याचा अंमल पशुऔषधांच्या दुकानात माणसांच्या दुकानाइतकाच कडकपणे व्हावयास हवा.

परदेशांतून घेण्यासारखी गोष्ट बंदीहून वेगळी आहे. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेत फ्रँक डॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात जी पाच कलमी पद्धत घालून दिली, तिच्यात धारेनंतर प्रत्येक सड जंतुनाशकात बुडविणे, यंत्र वेळोवेळी तपासणे, दुखणे लागताच उपचार करून नोंद ठेवणे, भाकड काळात औषध सोडणे आणि बऱ्या न होणाऱ्या गाई कळपातून काढणे एवढेच होते, आणि तिच्या प्रसारानंतर तेथील दृश्य कासदाहाचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढे तिचे भाकड काळातील सरसकट औषधाचे कलम रोधाच्या दृष्टीने अपायकारक ठरले. हॉलंडने 2012-13 च्या सुमारास ते थांबवून फक्त पेशी वाढलेल्या गाईंनाच औषध देण्याचा दंडक घातला, पशुपालनातील प्रतिजैविकांचा एकूण खप 2009 च्या तुलनेत दोन तृतीयांशांहून अधिक उतरविला, आणि तरीही तेथील दूधधंदा बुडाला नाही. जानेवारी 2022 पासून सबंध युरोपीय संघात असा सरसकट वापर बंद आहे.

डॉड यांच्या पद्धतीतील पाचवे, बऱ्या न होणाऱ्या गाई काढून टाकण्याचे कलम मात्र आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येत नाही. महाराष्ट्रात गोहत्येस बंदी आहे, त्यामुळे जुनाट स्टॅफिलोकोकस बाळगणारी गाय घोडेगावच्या, लोणीच्या किंवा काष्टीच्या बाजारात उभी राहते. घेणारा दोन वेळची धार पाहतो, चारही सड चालतात का ते पाहतो. आत काय आहे ते त्याला दिसत नाही, आणि ती गाय आपल्या जंतूंसह नव्या गोठ्यात जाते. दुष्काळातील छावण्यांत, जेथे शेकडो जनावरे एका जागी बांधली जात, तेथेही हेच घडण्यास वाव होता. बाजार समितीने गाईबरोबर पेशीचाचणीचा दाखला मागण्याची तजवीज करावी. ही चाचणी बाजाराच्या फाटकाशी काही मिनिटांत होते.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गुजरातेत साबर डेअरीपासून 2014 च्या सुमारास सुरू केलेला कासदाह नियंत्रणाचा प्रयोग आपल्याला अधिक जवळचा आहे. कॅलिफोर्निया चाचणीने, म्हणजे 1957 साली शाल्म व नूर्लंडर यांनी काढलेल्या त्या चार खळ्यांच्या ताटलीने, सुप्त दाह आधी ओळखावयाचा, आणि दृश्य रोगाच्या आरंभी प्रा. पुण्यमूर्ती यांनी सुचविलेला कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम व चुना 15 ग्रॅम यांचा लेप दिवसातून अनेकदा कासेवर लावावयाचा, असा तो क्रम. सौम्य दाहात, गाय खातेपिते असताना, हा लेप व वारंवार धार काढणे यांनी पहिले दोन दिवस काढावेत हे मला पटते. त्या अवधीत नमुन्याचा निकाल हाती येऊ शकतो. परंतु ताप चढलेली, कान गार पडलेली, बसून राहिलेली गाय लेपावर सोपविणे म्हणजे तिचा जीव घालविणे होय. तिला पशुवैद्य आणि सलाईन लगेच हवे.

माझ्या मते सबंध प्रश्नाची गुरुकिल्ली त्या दोन दिवसांत आहे. या जिल्ह्यात गावोगाव फॅट व एसएनएफ दशांश चिन्हापर्यंत मोजले जातात, कारण त्यावर पैसा ठरतो. पेशी मोजल्या जात नाहीत, कारण त्यावर पैसा ठरत नाही. प्रत्येक मोठ्या शीतकरण केंद्रावर एक उबपेटी, काही तयार माध्यमांच्या बशा आणि एक शिकविलेला तंत्रज्ञ ठेवला, तर जंतू स्टॅफिलोकोकस गटाचा की शेणातला की मुळीच नाही एवढा निर्णय चोवीस तासांत मिळतो, आणि निम्म्याच्या जवळपास गाईंना प्रतिजैविक द्यावेच लागत नाही असा अन्यत्रचा अनुभव आहे. त्याचा खर्च एका दूध संघाच्या वर्षाच्या उलाढालीत नगण्य ठरेल. जोडीला औषध दिलेल्या गाईचे दूध प्रामाणिकपणे वेगळे काढून आणणाऱ्या सभासदास संघाने त्या दिवसांचा निम्मा तरी भाव द्यावा आणि कमी पेशींच्या दुधाला लिटरमागे रुपया अधिक द्यावा. साखर कारखान्यांनी ऊसउत्पादकासाठी माती तपासण्याच्या प्रयोगशाळा काढल्या, तेव्हा त्यांना कोणी कायद्याने भाग पाडले नव्हते.

दूध संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी भरतात आणि अहवाल, ताळेबंद व लाभांश यांवर आटोपतात. जिल्ह्यातील सभासदांना माझी विनंती आहे की येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर त्यांनी तीन ठराव लेखी नोटीस देऊन घालावेत : शीतकरण केंद्रावर जंतुपरीक्षेची सोय, परिहारकालातील दुधाची अंशतः भरपाई, आणि पेशीसंख्येवर भाव. आणि तोवर, उद्याच्या धारेपासून, प्रत्येक गाईला वेगळे फडके घ्यावे, धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवावेत आणि चारा मग टाकावा.